चार फड, एक पाट

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात एक तरुण सहायक अभियंता रुजू झाला. नाशिकला कामाची ओळख होते न होते तोच त्याची रवानगी खानदेशात झाली. धुळ्यापासून पस्तीसेक मैलांवर, आजच्या साक्री तालुक्यात, दातर्ती नावाचे गाव आहे. तिथे पांझरेच्या एका प्रवाहातून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. पावसाळ्याचे दिवस, पात्रात पाणी आणि गाळ. काम थोडे पुढे ढकलावे असे त्याच्या मनात होते. पण वरिष्ठांची नाराजी दिसताच त्याने ते हाती घेतले आणि तडीस नेले. पुढे म्हैसूरचे दिवाण आणि भारतरत्न झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या नोकरीतले हे अगदी सुरुवातीचे काम. आपल्या आठवणींत त्यांनी ते नोंदवून ठेवले आहे.

विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगणारे दातर्तीच्या नळापाशी क्षणभर थांबतात आणि पुढे कृष्णराजसागर धरणाकडे जातात. मला मात्र त्या मुलखातल्या पाटांचे पाणी शेतात कसे पोहोचत होते, याचे कुतूहल अधिक आहे. कारण हा अभियंता आला तेव्हा त्या खोऱ्यात, कोणत्याही खात्याच्या हुकमाशिवाय, शेकडो शेतकरी एकाच पाटाचे पाणी वाटून घेत होते. तेही पिढ्यान् पिढ्या. माणसे एकत्र येऊन एखादी गोष्ट टिकवतात ती कशामुळे, आणि एके दिवशी ती विस्कटते ती कशामुळे, हा प्रश्न जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना आणि अर्थशास्त्रज्ञांना गेली साठ वर्षे छळतो आहे. त्याचे एक उत्तर पांझरेच्या काठी मातीत आखलेले होते. त्याला फड म्हणत.

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांत उगम पावते. वाटेत कान नदी तिला मिळते. पुढे धुळे शहर ओलांडून ती मुडावदजवळ तापीत विसर्जित होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि पूर्वेकडे उतरताच आटत जातो. धुळ्याला वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणजे नदी पाणी आणते ते दुसऱ्या मुलखातले, आणि ज्या जमिनीतून ती वाहते ती जमीन मात्र तहानलेली. दक्षिणेला बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांचीही हीच गत. बागलाण आज नाशिक जिल्ह्यात असले तरी पूर्वी ते खानदेशातच मोडे. या तीन नद्यांच्या खोऱ्यांत फडांची पद्धत रुजली आणि टिकली. तिचे वय तीन-चारशे वर्षे सांगतात. त्या काळात इथे आधी मोगल होते, मग मराठे आले, मग इंग्रज. पाटाचा कारभार मात्र गावाकडेच राहिला.

रचना अशी. नदीत योग्य जागा पाहून दगडी बंधारा घालायचा. बंधाऱ्यामागे पाण्याची पातळी थोडी चढली की एका अंगाने पाट काढायचा. पुराचे जास्तीचे पाणी परत नदीत जावे म्हणून सांडवा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतांत जाणारे बारके दांड. एका बंधाऱ्याखाली भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. आणि या थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले, ते फड. एखादा फड दहा-बारा हेक्टरांचा असे, एखादा शंभराच्याही वर जाई.

इथवर हे साधे जलसंधारण झाले. खरी करामत यापुढची. एका फडात एका हंगामात एकच पीक. ढोबळ मानाने एका फडात ऊस, दोहोंत भुसार, म्हणजे गहू, हरभरा, भात असे हंगामी धान्य, आणि एक फड पड. पुढच्या वर्षी पिके फिरायची. कोणत्या फडात काय घ्यायचे हे एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर नव्हते. बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहून सगळ्यांनी बसून ठरवायचे. आणि बहुतेक खातेदारांची जमीन एकाच फडात नव्हती. थोडी या फडात, थोडी त्या. त्यामुळे उसाचा फड कोणताही लागला तरी उसात वाटा जवळपास सगळ्यांचा, आणि दुष्काळात एक फड कोरडा ठेवायचा ठरला तर कोरडही जवळपास सगळ्यांच्या वाट्याला.

या एका गोष्टीवर मला रेंगाळायचे आहे, कारण पाटाच्या पाण्याचे जुनेच दुखणे आहे. वरच्याला आधी पाणी मिळते आणि शेपटाच्याला उरलेसुरले. वरच्या शेतकऱ्याने दांडाचे तोंड तासभर जास्त उघडे ठेवले तर त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते मैलभर खाली, त्याला न दिसणाऱ्या शेतात. जगातल्या बहुतेक कालव्यांवरची भांडणे इथून सुरू होतात. फडात मात्र वरचा आणि खालचा अशी माणसांची कायमची वाटणी होऊ शकत नव्हती. ज्याचे शेत पहिल्या फडात पाटाच्या तोंडाशी, त्याचेच दुसरे शेत तिसऱ्या फडात शेपटाला. आज वरून चोरी करणारा उद्या खालून रडणार. ही भलेपणाची शिकवण नव्हती, जमिनीच्या मांडणीतच तो धाक भरलेला होता.

१९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा झाला. विखुरलेली शेते एकत्र आणावीत, म्हणजे शेती फायद्याची होईल, हा त्यामागचा विचार. औत-अवजारांच्या हिशोबाने तो खराही आहे. पण ज्याला तो कायदा दोष म्हणत होता, तेच विखुरलेपण फडाचा पाया होते. फड पाहिलेल्या कोणी तेव्हा हे कायदेमंडळात सांगितले असते तर, असे राहून राहून वाटते.

आता पाण्याची वाटणी. फडातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेताला स्वतः पाणी भरायचे नाही. त्यासाठी थळाची माणसे नेमलेली. पाटकरी पाटाचे पाणी फडाफडांत सारखे सोडी. बारेकरी दांडावर राहून एकामागून एक शेत भिजवी. जागल्या पिकाची राखण करी, गुरे आणि चोर दोहोंपासून. या सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला बहुधा धान्यात, ज्याचे जितके क्षेत्र त्याच्याकडून तितका. आणि सगळ्यांच्या वर पंच, खातेदारांनी निवडलेले. कुणाचे जनावर फडात शिरले, कुणी रात्री दांड फोडला, तर दंड पंच ठरवीत.

बारेकऱ्याच्या हाती दांडाचे तोंड देण्यातली शहाणी बाजू लगेच लक्षात येत नाही. ज्याचे शेत त्याच्याच हातात फावडे असेल तर त्याचा हात जड होणारच; तो वाईट माणूस असायला लागत नाही. बारेकऱ्याला मात्र सगळी शेते सारखी, आणि त्याचे धान्य सगळ्या फडावर अवलंबून. शिवाय फडात एकच पीक असल्याने कोणाच्या शेतात पाणी जास्त झाले, कोणाचे राहिले, हे बांधावरून चालत जाणाऱ्या कोणालाही दिसे. गव्हाच्या शेजारी ऊस असता तर पाणी किती खरे लागले याचा वाद घालता आला असता. सगळा फड गव्हाचा म्हटल्यावर वादाला जागाच नाही. पाळत ठेवायला वेगळा खर्च नको.

पावसाळा सरला की पाट गाळाने भरलेला असे. तो काढल्याशिवाय रब्बीचे पाणी निघत नसे. प्रत्येक खातेदाराने यायचे, किंवा आपल्याऐवजी माणूस पाठवायचा. खानदेशात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, शेतकऱ्यांत सावड होतीच: आज माझे बैल तुझ्या औताला, उद्या तुझे माझ्या. सावडीत हिशोब सोपा असतो. तू आला नाहीस तर मीही येणार नाही, एवढ्यावर तो सरळ होतो. पाटाचा गाळ दोघांचा नसतो. तिथे शंभर जण असतात, आणि त्यांतला एक आला नाही म्हणून मी फावडे टाकून बसलो तर शिक्षा त्या एकट्याला होत नाही, उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनाही होते.

नेमका हाच फरक गणिताने पकडायला अभ्यासकांना बराच काळ लागला. रॉबर्ट ॲक्सेलरॉड आणि डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९८१ साली दाखवून दिले की दोघे जण पुन्हा पुन्हा समोरासमोर येत असतील तर 'जशास तसे' या साध्या नियमाने सहकार्य रुजू शकते. सावडीचेच ते गणित. पण १९८८मध्ये रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी तेच गणित मोठ्या गटाला लावले, तेव्हा उत्तर उदास निघाले. गट वाढत गेला की निव्वळ परतफेडीच्या जोरावर सहकार्य टिकणे फार अवघड होत जाते. आकड्यांत पाहायचे तर असे. दहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी शंभर रुपयांचे श्रम घातले, त्यातून दोन हजारांचे फळ निघाले आणि ते सारखे वाटले, तर प्रत्येकाला दोनशे. आता एक जण घरी बसला. फळ अठराशेचे, वाटा एकशे ऐंशीचा. घरी बसलेल्याला हा वाटा मिळतोच, वर त्याचे शंभर वाचतात, तो दोनशेऐंशीवर. पुढच्या वर्षी आणखी दोघे घरी बसतील. काही वर्षांत पाट गाळाने भरून जाईल, आणि त्यांतला प्रत्येक माणूस आपापल्या परीने शहाणपणानेच वागलेला असेल. १९६८ साली गॅरेट हार्डिनने सामायिक मालमत्तेच्या शोकांतिकेवर जो गाजलेला लेख लिहिला, त्याचा गाभा हाच. त्याला दोनच वाटा दिसत होत्या: सरकारच्या हाती द्या, नाहीतर खासगी करून टाका.

पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी हे गणित मांडले नव्हते, पण त्यातल्या एकेका फटीला पाचर मारून ठेवली होती. घरी बसणाऱ्याला वेगळा काढून दंड करण्याची सोय पंचांमुळे होती, म्हणजे एकासाठी अठ्ठ्याण्णवांना शिक्षा नको. चोरी दिसण्याची सोय एकपिकी फडामुळे होती. थळाची हद्द ठरलेली, त्यामुळे गट अमर्याद वाढत नव्हता. आणि माणसे हंगामागून हंगाम तीच. आज दंड झालेला उद्या त्याच पारावर बसायचा होता.

हे सगळे लिहिताना फडाला रामराज्य ठरवायचा मोह टाळला पाहिजे. खातेदारांतली समता ही खातेदारांपुरतीच होती. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचा पाण्यात वाटा नव्हता. त्यांच्या वाट्याला राखणीचे आणि पाणी भरण्याचे काम आणि धान्याची पाटी. खानदेशात गावच्या राखणीचे काम अनेक ठिकाणी भिल्लांकडे असे. ज्यांच्या डोंगरांतून हे पाणी उतरत होते, त्यांच्यातलाच माणूस दुसऱ्याच्या उसाची राखण करत रात्र काढी. पंचांत बाई बसल्याचे मला कुठे आढळलेले नाही, आणि निंदणी-खुरपणीचे काम तर बायकांचेच. गटातले सहकार्य जितके घट्ट, तितके गटाबाहेरच्याला दार बंद. सहकार्याच्या अभ्यासातही ही बाजू पुन्हा पुन्हा पुढे येते आणि फडही तिला अपवाद नव्हता.

या व्यवस्थेवर सर्वांत मोठा घाला आला तो एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर. १८०२मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ. मग पेंढाऱ्यांचा धुमाकूळ. गावेच्या गावे ओस पडली. १८१८मध्ये पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहायला आला आणि त्याने धुळ्याला ठाणे केले, तेव्हा कधीकाळी सुपीक म्हणून नावाजलेल्या या प्रांतात झाडोरा आणि हिंस्र श्वापदे माजलेली होती. मोडके बंधारे ठिकठिकाणी उभे होते. बंधारा दगडाचा असला तरी त्याला जिवंत ठेवणारी गोष्ट दगडाची नसते. शंभरातली साठ घरे परागंदा झाल्यावर गाळ काढायचा कोणी, आणि न येणाऱ्याला दंड करायचा कोणी? पुन्हा वस्ती झाली तशी काही थळे उभी राहिली, काही कायमची गेली.

इंग्रजांनी बंधाऱ्यांचे मोल ओळखले, पण आपल्या पद्धतीने. गिरणेवर जामद्याच्या बंधाऱ्यासारखी नवी कामे झाली. १८७९मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा आला. नद्यांच्या पाण्यावर सरकारचा अधिकार प्रस्थापित झाला, पाणीपट्टी सरकारी झाली, बंधाऱ्यांच्या मोठ्या दुरुस्त्या हळूहळू खात्याकडे गेल्या. फडाच्या आतल्या कारभारात मात्र साहेबाने फारसा हात घातला नाही. विश्वेश्वरय्या दातर्तीला आले ते या टप्प्यावर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटाच्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि पिकांची फेरपालट. मलेरिया आणि पाणथळ जमीन रोखायची, थोड्या पाण्यात जास्त लोकांना सामावून घ्यायचे, हा हेतू. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, मग ते वळले. फड आणि ब्लॉक शेजारी ठेवले की साम्य डोळ्यांत भरते. मला मात्र फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्लॉकमध्ये पाण्याची मंजुरी खाते देते आणि प्रत्येक शेतकऱ्याचे नाते थेट खात्याशी असते. शेजारच्याशी त्याला बोलण्याची गरज उरत नाही. पिकांचा नकाशा फडासारखा असला तरी त्यात पंच, बारेकरी आणि गाळ काढण्याचा दिवस नाही. महाराष्ट्राच्या पाटबंधाऱ्यांनी पुढची शंभर वर्षे फडाऐवजी ब्लॉकचा कित्ता गिरवला.

सामायिक व्यवस्थांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळातल्या शेतकऱ्यांच्या पाटांचा अभ्यास केला, तेव्हा एक चकित करणारी गोष्ट समोर आली. रॉय गार्डनर यांच्याबरोबर त्यांनी ती १९९३मध्ये मांडली. जिथे बंधारा माती-दगडाचा, दरवर्षी वाहून जाणारा, तिथे शेपटाच्या शेतकऱ्यालाही पाणी बऱ्यापैकी मिळत होते. जिथे सरकारने किंवा देणगीदारांनी पक्का सिमेंटचा बंधारा बांधून दिला, तिथे शेपूट कोरडे पडण्याचा धोका वाढला. कारण कच्चा बंधारा दरवर्षी उभा करायला वरच्याला खालच्याचे हात लागत होते. त्या हातांच्या बदल्यात पाणी मिळत होते. बंधारा पक्का झाला आणि वरच्याची गरज संपली. खानदेशातले बंधारे पहिल्यापासून दगडी होते, तेव्हा तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. पण दुरुस्तीचे काम गावाकडून खात्याकडे जाणे म्हणजे नुसता खर्चाचा भार हलणे नव्हे, हे नेपाळावरून कळते. त्याबरोबर माणसांची एकमेकांवरची गरजही हलते.

फडाला शेवटचा धक्का बसला तो स्वातंत्र्यानंतर. खेड्यात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? मोटेच्या जाचातून बैल आणि माणूस दोघे सुटले. पण ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला फडाच्या बैठकीची गरज उरली नाही. फड गव्हाचा ठरला तरी तो आपल्या तुकड्यात कांदा लावू शकत होता. एकाने वेगळे पीक घेतले की बारेकऱ्याचा क्रम मोडतो. दोघांनी घेतले की जागल्याला कोणत्या पिकाची राखण कधी संपते तेच कळत नाही. पाच-सात जणांनी घेतले की फड नावालाच. गंमत अशी की त्या विहिरींना पाणी येत होते ते बऱ्याच अंशी पाटाच्या आणि भिजलेल्या फडांच्या झिरप्यातूनच. सामायिक पाटाने भरलेली विहीर खासगी झाली होती.

वरच्या अंगाला धरणे झाली: पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. पाणी वाढले, पण ते कधी सुटणार हे गावाबाहेर ठरू लागले. ज्या बैठकीत ठरवण्यासारखे काही उरत नाही, तिला माणसे येईनाशी होतात. भाडणे इथे पांझरा-कान सहकारी साखर कारखाना निघाला. सहकाराच्या नावाने निघालेला तो कारखाना पुढे बंद पडला, आणि त्याच्या शिवारात सहकाराची त्याहून कितीतरी जुनी रीत तोवर थकत चालली होती. काही थळांत फड आजही चालतात, पण जुन्या सगळ्या नियमांनिशी चालणारे थोडेच.

विहिरींच्या या गोष्टीची दुसरी बाजू पूर्व खानदेशात दिसते. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलचा केळीचा पट्टा आहे. डोंगरातून वाहून आलेल्या जाड गाळाच्या थरांखाली तिथे पूर्वी मुबलक भूजल होते. विहिरी, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. केळीने घरे उभी केली, मुले शिकवली, हे विसरता येणार नाही. ठिबक सिंचन तर जळगावनेच घरोघर नेले. पण पाणीपातळी उतरत गेली आणि हे दोन्ही तालुके भूजलाच्या पाहणीत अतिशोषित म्हणून नोंदले गेले. जमिनीखालचे पाणी पाटाइतकेच सामायिक आहे. मात्र त्याला थळाची हद्द नाही, बारेकरी नाही, आणि शेजाऱ्याने रात्री किती उपसले ते बांधावरून दिसत नाही. ठिबकने दर झाडामागे पाणी वाचते. वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर लावायचे की नाही, हे ठरवणारी बैठक मात्र कुठेच भरत नाही. यावलचा शेतकरी पिंपळनेरच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक लोभी आहे असे समजण्याला काही आधार नाही. त्याला शेजाऱ्याशी एकत्र आणणारा पाट मिळाला नाही, इतकेच.

पाट शेजाऱ्यांना कसे एकत्र आणतो, ते आणखी एका ठिकाणी पाहता येते. इंडोनेशियातल्या बाली बेटावर भाताचे पाणी वाटणाऱ्या सुबक नावाच्या संस्था आहेत. तिथल्या वरच्या अंगाचे शेतकरी खालच्यांना पाणी का सोडतात, हे स्टीफन लान्सिंग यांनी शोधले. उत्तर किडीत सापडले. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली आणि एकाच वेळी शेते पड ठेवली तर किडीला आसरा राहत नाही. खालच्याला पाणी न देता वेगळ्या वेळी लावणी करायला लावली तर त्याच्या शेतातली कीड वर चढते. लान्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी १९९३मध्ये हे संगणकावर मांडून पाहिले. प्रत्येक गटाने फक्त शेजारच्या यशस्वी गटाची नक्कल केली, तरी थोड्याच वर्षांत सगळे खोरे आपोआप मेळात आले. वरून हुकूम देणारा राजा लागला नाही. फडातले एकपीक आणि पड फड यांचा किडीवर काय परिणाम होत असेल, याचा असा काटेकोर अभ्यास आपल्याकडे व्हायला हवा. पांझरेच्या खोऱ्यात एकाखाली एक असे कितीतरी बंधारे होते. वरच्या थळाने काही नवे केले की ते खालच्याला दिसत असणारच. फड तीन खोऱ्यांत इतका सारखा का आढळतो, याचे कारण कुठल्या राजाच्या फर्मानापेक्षा या पाहून शिकण्यात असावे असे मला वाटते.

ऑस्ट्रॉमबाईंचा गाजलेला ग्रंथ १९९०चा, आणि २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपिन्समधल्या झांहेरा, स्वित्झर्लंडमधली कुरणे पाहून त्यांनी टिकाऊ सामायिक व्यवस्थांची लक्षणे काढली: हद्द स्पष्ट हवी, नियम जागेला साजेसे हवेत आणि ते पाळणाऱ्यांनीच केलेले हवेत, राखण करणारा गटाला बांधील हवा, दंड चढत्या क्रमाने हवा, भांडण जवळच्या जवळ मिटावे, आणि सरकारने या सगळ्याला मान द्यावा. फडात यांतली जवळपास सगळी लक्षणे सापडतात. कमी पडले ते शेवटचे. सरकारने फड मोडला नाही, पण त्याला कधी मोजलेही नाही.

त्याच साक्री तालुक्यात, डोंगराच्या बाजूला, बारीपाडा नावाचा कोकणी आदिवासींचा पाडा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याभोवतीचे जंगल उजाड झाले होते आणि पाण्यासाठी बायकांना लांब जावे लागत होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखायचे ठरवले. तोड बंद, तोडणाऱ्याला दंड, सांगणाऱ्याला बक्षीस, राखण गावाची, श्रमदानातून बांध. सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले. दरवर्षी तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि ती बायकांच्या हातची आहे. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. फडाच्या कारभारात ज्यांना राखणदारापलीकडे जागा नव्हती, त्यांच्यासारख्या डोंगरातल्या माणसांनी त्याच तालुक्यात नियम, पाळत आणि दंडाची मांडणी नव्याने केली. गट लहान, माणसे रोज समोरासमोर, आणि जंगल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

२००५मध्ये महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देणारा कायदा केला. त्याआधीच नाशिक जिल्ह्यात ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणावर पाणीवापर संस्था उभ्या करून दाखवल्या होत्या. कायदा चांगला आहे. पण संस्थेचे क्षेत्र कालव्याच्या आखणीवरून ठरते. कागदावर ते सोपे असले, तरी अशा संस्थेत कित्येकदा तीन गावांचे असे सभासद एकत्र येतात ज्यांनी कधी एका बांधावर उभे राहून गाळ काढलेला नसतो. पांझरा, मोसम आणि आरम यांच्या काठी तरी वेगळे करता येईल. तिथे थळांच्या हद्दी आधीच आखलेल्या आहेत. कोणता फड कुठे संपतो, सांडवा कुठे होता, कोणत्या दांडाला किती पाणी पुरते, हे पाटकऱ्याचे आणि हवालदाराचे काम केलेल्या पिढीला ठाऊक आहे, आणि ती पिढी आता वयाने थकली आहे. तिच्याकडून एकेका थळाचा नकाशा उतरवून घेऊन पाणीवापर संस्थेची हद्द त्या नकाशावर बसवावी. जमीन नसलेल्यांचा आणि बायकांचा वाटा त्यात पहिल्या दिवसापासून लिहून घ्यावा. यासाठी नवे धरण लागत नाही. साक्री आणि बागलाणातल्या सटाण्याच्या पाटबंधारे कार्यालयांतला एक हंगाम आणि गावोगावच्या बैठका एवढे पुरेल.